सांबाराच्या सात वाट्या आणि तनुजाची सोयरीक

ती. साहेबराव दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा, मुंजाबाचा, चिकलठाण्याहून दंडवत. आपला खोकला आणि आक्काचा गुडघा दोन्ही ताब्यात असतील असे धरून लिहितो. (नसतील तर आधी औषध घ्या, मग पत्र वाचा.) माझे बरे आहे, पोट सोडून.

आमच्या नातीला, तनुजाला, पाहण्यासाठी पाहुण्यांनी हॉटेलात बोलावले होते. हल्ली असेच चालते म्हणे. मुलगा सत्यम इथल्याच एका कारखान्यात आहे. सोबत त्याची आजी आवडाबाई. हॉटेल इडली-डोशाचे, साधेच. नव्या वसाहतीच्या तोंडाशी, वर पत्रे, आत सात-आठ टेबले. मला आदल्या दिवसापासून धाकधूक. माझ्या हातून वेडेवाकडे झाले आणि पोरीचे मोडले तर? पोरीच्या बापाने, आमच्या बद्रीनाथने, तर बजावलेच होते, "दादा, तिथं कमी बोला." म्हणून मी बोलायचे नाही, फक्त खायचे, असे ठरवले. तिथेच घात झाला.

इडली आली. पाठोपाठ कपाळाला गंध लावलेले, पांढरी लुंगी नेसलेले एक गृहस्थ सांबाराची बादली घेऊन आले. सत्यमला म्हणाले, "आज सुट्टी काय?" आणि न विचारता माझी वाटी भरली. आता दाजी, आपल्याकडे पंगतीत बादली घेऊन कोण फिरते? यजमानाचा भाऊ, नाहीतर चुलता. मी ओळखले, हे मुलाचे काका. सोयऱ्याने वाढलेले टाकावे कसे? मी वाटी संपवली. त्यांनी भरली. मी संपवली. रिकामी वाटी त्यांना बघवेना आणि भरलेली मला. (सांबार चवीला झकास होते, हे कबूल. पण पाचव्या वाटीला चव कळेनाशी होते.) सातव्या वाटीला मी त्यांचा हातच धरला, खुर्ची ओढली आणि म्हणालो, "काका, किती वाढता! तुम्हीबी बसा की आमच्यासंगं."

"दादा, ते वेटर हायेत!" बद्रीनाथ दातओठ खात म्हणाला.

ते बिचारे बादली सावरत म्हणाले, "बाबा, नको तर वाटीवर हात ठेवायचा ना!"

मला वाटले, मोडले. पण आवडाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "बसू द्या की त्यांना! सत्यमला काका नव्हताच, पाहुण्यांनी आणून दिला." आणि दाजी, ते गृहस्थ खरेच पाच मिनिटे बसले, कॉफी प्याले.

रिक्षात तनुजा म्हणाली, "आबा, मला पसंत हाय." मी विचारले, काय बघितलेस? तर म्हणते, "तुम्ही एकटे पडू नये म्हणून तोबी तुमच्याबरोबर दर वाटी संपवत होता. मी मोजल्या."

आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
मुंजाबा

ता. क. साखरपुडा पुढच्या महिन्यात. यायचेच.

ता. क. दुसरा (पत्राचे खरे कारण हे). रविवारी सत्यम वैजापूरला आपल्या पाया पडायला येत आहे. त्या दिवसापासून पोराचे पोट बिघडलेले आहे, दोन दिवस रजा टाकली. त्याला नको म्हणता येत नाही आणि आपल्या आक्काला ते ऐकता येत नाही. तेव्हा तिला काहीही करून शेजारी पाठवा आणि पोराला नुसता ताकभात वाढा. हे मी सांगितले असे तिला कळू देऊ नका, मला अजून तिच्या हातचे जेवायचे आहे.