गुरुवारच्या बागेतलं झाड

जालना,
माघ वद्य अष्टमी

प्रिय गोदा,

काल शाळेच्या फळ्यावर निजाम सरकारची तारीख लिहिली : फरवरदी, १३५२ फसली. इथं मात्र तिथी लिहितो, तुला तीच कळायची. तू श्रावणात गेलीस. त्यानंतर रोजनिशीत मी पाऊस लिहिला, मुलांची हजेरी लिहिली, आईच्या गुडघ्याचं दुखणं लिहिलं. तुला मात्र एक ओळ लिहिली नाही. माफ कर. लिहायला बसलो की वाटायचं, हिला काय नवीन सांगायचं? हिला सगळं माहीत असायचं. आज कळलं की मलाच काही माहीत नव्हतं.

आज शुक्रवारची सुट्टी होती. मी तुझ्या बागेत जाऊन आलो.

कुंडलिका नदीपलीकडची बडी बींची बाग. त्यांचे यजमान जंगल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांनी कुठून कुठून ताडामाडांची रोपं आणून तिथं लावली, एवढं मला तुझ्याकडूनच कळलेलं. गुरुवार जनान्याचा. त्या दिवशी माळीसुद्धा फाटकाबाहेर. तू एक गुरुवार चुकवला नाहीस, आणि मी कधी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

“असतं काय एवढं तिथं?” मी विचारायचो.

“ताड. तुमच्या इन्स्पेक्टरसारखे. उंचच्या उंच, अन् सावली न्हाई कुणाला.”

“मग कशाला जातेस?”

“इन्स्पेक्टर बघायला. मी जाऊ राह्यले, भाकरी टोपल्यात हाये.”

मी हसायचो आणि गार भाकरी खायचो. अजून एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतंस का?

बडी बींनी परवा निरोप धाडला होता, मास्तरांना घडीभर पाठवा म्हणून. मला वाटलं, तुझं एखादं भांडं राहिलं असेल. बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून त्या बोलल्या. आवाज अगदी थकला आहे.

“आओ मास्तर साब. गोदा के मियां को आज पहली बार देखरी मैं. आवाज तो तुम्हारा बराबर पहचानती. वो निकालके दिखाती थी, ‘गोदे, माझा चष्मा कुठंय?’”

तू तिथं माझी नक्कल करायचीस, गोदा? बायका हसायच्या का? मला राग आला नाही. आवाज माझाच होता, पण त्यातून तू ऐकू आलीस, आणि मला मान खाली घालावी लागली.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. त्या हैदराबादेला लेकाकडं राहायला चालल्या आहेत. जागा एका जिनिंगवाल्या शेठजींनी घेतली. “कपास की गाठां रखने का गुदाम बनाते बोले. होली के बाद झाडां सब कटते. पन एक झाड बेची न्हाई मैं. वो मेरा न्हाई, अमानत है.”

“कुणाची?”

“तुम्हारे घर की. जाके देखो. आखिर में, पंखे के ताड के नीचे.”

मी एकटाच आत गेलो. दोन्ही बाजूंना राखी रंगाचे गुळगुळीत बुंधे, मधे पोट सुटलेले, खरंच इन्स्पेक्टरसारखे. सुपारी होती, खजूर होता, माशाच्या शेपटीसारख्या पानांचा माड होता. वारा सुटला की वर सगळीकडं कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. मोट बंद पडलेली, पाटात पालापाचोळा. आणि अगदी शेवटी, पंख्यासारख्या हातभर रुंद पानांच्या ताडाखाली, ते झाड.

माझ्या कमरेएवढं. बुंधा खवल्याखवल्यांचा, मुंडासं बांधल्यासारखा. वर काळसर हिरव्या पानांचं गोल चक्र, एकेक पान मोराच्या पिसासारखं, पण टोकं सुईसारखी. बोट लावलं तर रक्त आलं. इंग्रजीत याला सायकस म्हणतात हे मी कॉलेजात शिकलो होतो. दिसायला ताड, पण ताडाचं आणि याचं नातं नाही, असं प्रोफेसरांनी सांगितलेलं. एवढंच माहीत होतं मला.

परत पडद्यापाशी आलो, तेव्हा बाकीचं बडी बींनी सांगितलं. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा कुणाशी बोलली नाहीस. असंच एक जुनं झाड होतं, त्याच्यापाशी बसून राहिलीस. त्याच्या बुडाला पिल्लं फुटलेली. त्यांनी एक पिल्लू काढून तुझ्या पदरात टाकलं. पान नाही, मूळ नाही, वाळल्या कांद्यासारखं. घरी ने म्हणाल्या, तर तू म्हणालीस, “घरी सासूबाई इच्यारतील, हे काय आणलं.” म्हणून तिथंच लावलंस. वर्षभर त्याला काही फुटलं नाही. बायका म्हणायच्या, गोदा दगडाला पाणी घालते. मग एका चैत्रात पानं निघाली, कोवळी, लव असलेली, मुठी मिटल्यासारखी.

“हर साल पत्ते आते बखत झुकके उसके कान में कुछ बोलती थी,” बडी बी म्हणाल्या. “मैं पूछी, झाड को कान रहते क्या गे? हंस दी.”

गोदा, मी तिथल्या पायरीवर बसलो.

आपली मुलगी बारशाआधीच गेली. माझ्या बहिणीनं कुंची शिवून आणली होती. आत्यानं कानात नाव सांगायचं ते राहिलं, आणि नाव नसलेल्या मुलीसाठी कुणी मोठ्यानं रडलंही नाही. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. काकांनी आणि मी तिला हसनाबादच्या आपल्या शेतात, ओढ्याकाठच्या बांधावर ठेवलं. बाळाच्या आईनं त्या जागी जायचं नसतं, तिला ती जागा सांगायचीही नसते, अशी आपल्याकडची रीत. माझी आई मला म्हणाली होती, “इच्यारलं तरी सांगू नको. तिला पुढं लेकरं व्हायचेत.”

तू एकदाच विचारलंस. पाटा धूत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “ऊन न्हाई ना लागत तिथं?”

मी म्हटलं, “नाही. बाभळ आहे.”

पुढं लेकरं झाली नाहीत. तरी मी सांगितलं नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. रीत पाळतो आहे असं मला वाटायचं. कुणासाठी पाळत होतो?

ताडांना सावली नसते म्हणायचीस ना? आणि त्या सगळ्या बागेत जिथं दुपारीही ऊन पोचत नाही, तेवढी एकच जागा तू शोधलीस.

बडी बी म्हणाल्या, झाड नेता येईल, मोठ्या गड्ड्यासकट. फक्त पानं सगळी आधी कापायची. “न्हाई तो सूखता. काटे बाद मरा हुआ दिखता. डरना नक्को, मास्तर साब. महिनों कुछ न्हाई होता, फिर निकलता.”

घरी येऊन मी दुपारभर येरझाऱ्या घातल्या. अंगणात लावलं तर रोज दिसेल. पण तू ते अंगणात आणलं नव्हतंस. बांधावर न्यावं, तर जागा मला धड आठवत नाही. काका गेले, मी परत तिकडं फिरकलोच नाही. आणि हे मी तुझ्यासाठी करतो आहे की माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून?

शेवटी आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तिनं तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवलं.

“ओढ्याच्या वळणाला,” ती म्हणाली. “बाभळ पडली मागल्या साली. बुडखा हाये अजून.”

“तुला काय माहीत?”

“सुगीला जाते तवा बसून येते.”

“तूच तर म्हणाली होतीस, जायचं नाही.”

“आईला बंदी हाये. आजीला कोण आडवतंय?” मग सूप पुन्हा उचलून ती बराच वेळ हलवत राहिली, त्यात निवडायचं काही उरलं नव्हतं तरी. “तिलाबी न्यायला पायजे व्हतं रे. मीच न्हाई म्हणले.”

एका घरात आपण तिघं, गोदा. तू गुरुवारी जायचीस, आई सुगीला जायची, आणि मी कुठंच गेलो नाही. चुलीपाशी मात्र रोज एकत्र जेवलो.

झाड बांधावर नेतो. आई सोबत येते म्हणते, बैलगाडीत गुडघे दुखले तरी. बाभळ पडली, म्हणजे आता तिथं ऊन लागत असेल. झाड वाढेपर्यंत कुडाचा आडोसा करीन. दर चैत्रात जाईन. पानं निघाली की जवळ बसेन, पण तिच्या कानात मी काही बोलणार नाही. ते नाव तू ठेवलंस, मला सांगितलं नाहीस. मी दुसरं ठेवणार नाही. हा माझा शब्द.

तुझाच
(नाव लिहीत नाही. तू तरी ते उखाण्याशिवाय कधी घेतलंस?)

उद्या : पानं कापायला विळ्याला धार लावून आणणे.