गटनेत्याची भूमिका आणि चाळीचा फळा

परळ-भोईवाडा,
बुधवार, जेवायला बसायची वेळ, पण कोणी बसलेलं नाही.

सन्माननीय विधिमंडळ गटनेते आणि माझ्या धाकट्या बहिणीचे थोरले चिरंजीव राजरत्न यांस,

कोंडीराममामाचा सप्रेम जय भीम. आपली प्रकृती ठणठणीत असावी. (ही एवढी ओळ 'आपण' म्हणून लिहिली, कारण पाकीट आधी तुझे सेक्रेटरी फोडतात असं ऐकतो. इथून पुढे 'तू'. ज्याला खांद्यावर बसवून चैत्यभूमीला नेलं त्याला 'आपण' म्हणताना जीभ अडखळते.) मामीचे गुडघे होते तसेच आहेत. तुझा घसा कसा आहे? टीव्हीवर पाहतो तेव्हा तू बोलण्याआधी बराच वेळ खाकरतोस, आणि खाकरून झालं की 'पक्षात चर्चा सुरू आहे' म्हणून गाडीत बसतोस, म्हणून काळजी वाटली. हळद घालून दूध घेत जा.

पत्रास कारण तूच आहेस. फोन केला असता, पण तुझा फोन जे गृहस्थ उचलतात ते आता माझा आवाज ऐकूनच, मी काही बोलायच्या आत, साहेब मीटिंगमध्ये असल्याचं सांगतात. म्हणून हे पत्र आमच्या वैशालीच्या, तुझ्या मामेबहिणीच्या, हाती तुझ्या बंगल्यावर पाठवतोय. तिने त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. मी हे लिहितोय आणि तुझ्या पक्षाची दोन माणसं खाली बाकड्यावर ओलं फडकं घेऊन बसली आहेत. त्यांनी फळ्याला हात लावू नये म्हणून निम्मी चाळ जिन्यात उभी आहे. फळ्यावरचा मजकूर संध्याकाळच्या आत पुसला गेला नाही आणि तू तो नाकारलाही नाहीस, तर दिल्लीवाले तुझं गटनेतेपद काढून घेणार, असं त्या दोघांतला जाडा म्हणाला. गटनेत्याचे मामा असे असतील असं वाटलं नव्हतं, असंही म्हणाला. मी म्हटलं, मलाही गटनेता असा असेल असं वाटलं नव्हतं, फिट्टंफाट.

फळा तू विसरला नसशील. जिन्याखालचा, आपल्या मित्र मंडळाचा. पाण्याची वेळ, जयंती कमिटीची सभा, कोणाच्या घरी काही बरंवाईट, सगळं त्यावर. गिरणी बंद पडल्यापासून खडू माझ्या हातात आहे. आणि फळ्याचा कायदाही तुला पाठ असेल: सकाळी जो लिहितो त्यानेच दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायचं, मध्ये कोणी हात लावायचा नाही. (संपाच्या दिवसांत कोणीतरी सभेची वेळ पुसून ठेवली होती आणि अर्धी चाळ सभेला मुकली, तेव्हापासूनचा हा कायदा.) अपवाद एकच. चाळीत कोणी गेलं, तर बाकी सगळं पुसून फक्त ते नाव लिहायचं.

तू गटनेता झालास तेव्हा मी उजव्या कोपऱ्यात लाल खडूने चौकट आखली आणि वर लिहिलं, 'आपले राजरत्नदादा काय म्हणतात.' पहिल्या दिवशी चौकट भरली, कारण तू अभिनंदनाबद्दल सर्वांचे आभार मानले होतेस. पुढे दादा काही म्हणेनात. जातनिहाय जनगणनेचा विषय निघाला, दादा अभ्यास करताहेत. मतदारसंघांची फेररचना निघाली, दादांचं बारीक लक्ष आहे. कामगार कायद्यांवर बोंबाबोंब झाली, तेव्हा दादा नेमके दिल्लीला. इकडे माझी चौकट रिकामी. तिसऱ्या मजल्यावरचा दौलत तुला आठवतो ना? मालवणचा, जन्मभर दुसऱ्या पक्षाचा, आणि जन्मभर माझाच कॅरमचा जोडीदार. तो रोज दूध आणायला उतरला की चौकटीसमोर थांबायचा, चष्मा पुसायचा, आणि त्या रिकाम्या जागेत काही वाचल्यासारखी मान डोलवायचा. काल म्हणाला, "कोंडीराम, तुझो भाचो मुको झालो की काय रे?" हे मात्र फार झोंबलं. आज सकाळी उठल्याबरोबर खडू उचलला.

विषय सध्या तोच आहे, देशातल्या सगळ्या निवडणुका एकदम घ्यायच्या. यावर चाळीचं मत पक्कं आहे. महापालिकेच्या निवडणुकीने आपल्याला गॅलरीतल्या लाद्या दिल्या, विधानसभेने पाण्याची मोटर दिली, लोकसभेने बाकडं दिलं (ज्यावर तुझी माणसं आत्ता बसली आहेत). सगळ्या एकदम झाल्या तर एकाच खेपेत एवढं कोण देणार, आणि नंतरची पाच वर्षं इथे कुत्रं तरी फिरकेल का? पण मी काही मोटरीसाठी लिहिलं नाही. कॉलेजात असताना तू जयंतीच्या व्यासपीठावर बोलला होतास, की सत्तेवरच्या माणसाला जाब विचारायची संधी लोकांना जितक्या वेळा मिळेल तितकी लोकशाही जिवंत राहील. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती. तेच मी थोडक्यात लिहिलं: 'सगळ्या निवडणुका एकदम घेण्यास माझा ठाम विरोध. राजरत्न.' 'ठाम' हा शब्द माझ्या पदरचा. तुझ्या नावापुढे तो शोभून दिसला.

मी आंघोळीला गेलो आणि दौलतने फळ्याचा फोटो काढून आपल्या गावच्या ग्रुपवर टाकला. (वाईट हेतूने नाही. तो म्हणतो, तू बोललास याचाच त्याला आनंद झाला.) तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे, पण चहाचा कप खाली ठेवतोय तोवर नम्रता नावाची टीव्हीवरची बाई कॅमेरा घेऊन जिन्याखाली हजर. तिच्याकडूनच कळलं की तिकडे दिल्लीत तुमचे अध्यक्ष त्याच वेळी या योजनेला संपूर्ण पाठिंबा जाहीर करत होते. तिने मला विचारलं, ही अधिकृत भूमिका आहे का? मी म्हटलं, बाई, या फळ्यावर लिहिलेलं पाणीसुद्धा येतं. तिने ते लगेच दाखवलं म्हणे.

मग हे दोघे आले. जाडा धमकावतो आणि बारका गोड बोलतो. बारक्याने फळ्याचा कायदा नीट समजून घेतला आणि हळूच विचारलं, की चाळीत सध्या कोणी फार आजारी वगैरे आहे का. सगळ्यांच्या नजरा आपोआप पहिल्या मजल्यावरच्या रमाबाईंच्या दाराकडे गेल्या. रमाबाई नव्वदीच्या आहेत, पण कान शाबूत आहेत. दारातूनच म्हणाल्या, "लिहा माझं नाव. फक्त गावाला पोराला कळवू नका, उगाच रजा काढून येईल." आणि त्या जाड्याने खरोखरच खडूकडे हात केला रे. त्यावर दौलत मध्ये आला. तोच, तुझ्या विरोधातला. फळ्याला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "फळो चाळीचो आसा. पुसतलो तर कोंडीराम पुसतलो." नम्रताचा कॅमेरा चालूच होता. तेव्हापासून ते बाकड्यावर आणि आम्ही जिन्यात, कोणी जागचं हलत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. अंधार पडायच्या आत ये, फळ्यासमोर उभा राहा आणि म्हण, लिहिलंय ते माझंच आहे. पद गेलं तर जाऊ दे. आपलं मत बोलून दाखवणाऱ्या माणसाचं या जिन्यात काही अडत नाही.

मामी आशीर्वाद सांगते. लोभ असो असं लिहीत नाही, तो आहेच.

तुझा,
कोंडीराममामा

ता. क. वरचं सगळं दौलतला वाचून दाखवायचं होतं, म्हणून तसं लिहिलं. आता तो ऐकून पुन्हा खाली फळ्याजवळ गेलाय, तेव्हा खरं लिहितो. पद सोडू नकोस. तुझी आई अजून तुझा शपथ घेतानाचा फोटो उशाशी ठेवते, तिला हे झेपायचं नाही. टीव्हीवाल्यांना सांग, मामा म्हातारा झालाय, त्याला भलतंच सुचतं. तेवढ्याने भागलं नाही तर सांग, कोण कोंडीराम, मी ओळखत नाही. माझी परवानगी आहे. मी राग धरणार नाही आणि मामीला मी समजावीन. नातं तसं लांबचं आहे, असं नम्रताला मी आधीच सांगून ठेवलंय.

ता. ता. क. वैशाली चप्पल घालत होती, तोच रमाबाईंनी टीव्ही बघायला हाक मारली. तू होतास. घसा चांगला आहे तुझा. एकदाही न खाकरता म्हणालास, की कोंडीराम नावाच्या कोणत्याही व्यक्तीशी आपला काहीही संबंध नाही. तुझी माणसं फडकं बाकड्यावर टाकून निघून गेली. दौलत माझ्याकडे न बघता जिना चढून गेला. मीच तुला हे सांगणार होतो, वर लिहिलंय, वाच. पण पत्र पोहोचेपर्यंत थांबायचं होतंस रे. मी दिलं असतं ते तू घेऊन टाकलंस, त्याचं वाईट वाटलं. असो. मामीने तुझ्यासाठी सुकटाची चटणी केली आहे, ती वैशालीच्या पिशवीत आहे. बंगल्याच्या गेटवर पोलीस तिला विचारतील, साहेबांची तू कोण? तिने काय सांगायचं, यावरची तुझी भूमिका तेवढी तिला फोन करून कळव. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ती गेटबाहेरच उभी असेल.