बाबा आणि अमेरिकन रंधा

रविवार, ॲडम्सटाउन

ड्रोहेडाच्या जुन्या बाजारातून आज एक अमेरिकन रंधा आणला. पात्यावरचा शिक्का गंजाने निम्मा खाल्लाय, कुठल्या कारखान्याचा तेच कळेना. पूर्वी असं काही मिळालं की पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉल करायचो. शिक्का बघून ते लगेच ओळखायचे. आता ते इथेच आहेत, माझ्याजवळ. आणि एकेक विसरत चाललेत. तरी वाटलं, रंधा हातात दिला तर? त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मी वेड्यासारखा वाट बघत बसलो. मग अदबीने म्हणाले, "छान आहे. तुमचं दुकान आहे का?"

तुमचं. मला, बाबा.

"हो," म्हणालो. गिऱ्हाईक देतं तसा त्यांनी रंधा जपून परत दिला.