यादीत राहिलेली गोळी

दि. ९ मार्च, सोमवार

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. मुलीचा पुढचा दात पडलाय. बायकोने स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला, थोडा माझ्या कानालाही दिला. भावजींचा गुडघा कसा आहे? आठ महिन्यांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. बातमी वाईट नाही. निदान सगळी नाही.

डिसेंबरात कंपनीने लांब पल्ल्याच्या टँकरसाठी ड्रायव्हर निवडले, त्यात मी होतो. सोबत सूचना आली: बुधवारी सकाळी नऊला नशेच्या पदार्थांसाठी लघवीची तपासणी, येताना दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी आणावी.

चहापलीकडे मला व्यसन नाही, हे तुला माहीत आहे. तरी डेपोत परीक्षा जवळ आल्यासारखं वातावरण झालं. आमच्यातल्या एकाला सगळे 'वकील' म्हणतात, कारण न विचारता सल्ला देतो. त्याने भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मी इतकं प्यायलो की मंगळवारी चाळीस मिनिटांच्या रस्त्यात तीनदा गाडी थांबवावी लागली.

संध्याकाळी यादी लिहिली. खोकल्याचं औषध, पित्ताची गोळी, डोळ्यांचे थेंब. बायकोने कागद वाचला आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"चार औषधं घेतोस. तीनच लिहिलीस."

रात्री वकिलाला फोन केला. त्याच्याकडे त्यावरही तोडगा होता. त्याच्या मेहुण्याच्या लघवीची बाटली मोज्यात लपवून न्यायची. लाज वाटते सांगायला, पण मी मोजा ताणून पाहिला.

ताई, चौथं औषध म्हणजे कंबरदुखीवरची ती नशेची गोळी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती सख्ख्या भावालाही देणार नाही, एवढंच तू आठ महिन्यांपूर्वी म्हणाली होतीस. कंबरेने मी बेजार होतो आणि औषधाचं दुकान बहिणीचं. गिऱ्हाइकांसमोर तुला नाही नाही ते बोललो आणि तणतणत निघून गेलो. तीच गोळी दुसरीकडून मिळवली. आधी दिवसाला एक, मग तीन. नोव्हेंबरात भर दुपारी, सरळ रस्त्यावर माझा डोळा लागला. टँकर कठड्याला घासत गेला. त्या आवाजाने जाग आली, तेव्हा पन्नास पावलांवर रस्ता दुरुस्त करणारी माणसं डबे उघडून बसली होती. ऑफिसात सांगितलं, वळणावर घासला. घरीही तेच.

बुधवारी नर्सने बाटली पुढे केली. मी म्हणालो, "आधी यादीत एक ओळ घालायची आहे."

गोळीचं नाव लिहिलं. सुपरवायझरला बोलावून कठड्याचंही सांगून टाकलं. त्याने गाडीची किल्ली मागितली. तपासणी मात्र चुकली नाही. आणि एवढं पाणी पिऊन एक थेंब येईना! नर्सने नळ सोडून ठेवला, तरी पाऊण तास लागला.

तीन महिने गाडी बंद. कंपनीच्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू सोडवली. पहिले दोन आठवडे मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो, बायकोने कसं सोसलं तिलाच ठाऊक. दिवसा डेपोत टायरांची हवा तपासायचो. सकाळी कंबरेचे व्यायाम करतो, मुलगी पोटावर बसून आकडे मोजते आणि मुद्दाम चुकते.

आज दुसऱ्या तपासणीचा निकाल आला. स्वच्छ. गुरुवारपासून पुन्हा गाडी. लांबचा पल्ला गेला, गावातल्या गावात छोटा टेम्पो मिळालाय. वकील म्हणतो, खेळणं आहे. मला आवडलाय.

रविवारी तुझ्याकडे येईन म्हणतो. तुला बोललो ते चुकलंच. तोंडावर सांगायला जीभ रेटेल याची खात्री नाही, म्हणून आधी लिहून पाठवतोय. भावजींना नमस्कार.

तू अजून मानत असलीस तर,
तुझा धाकटा भाऊ