चक्कर येणाऱ्या बाईचे पूल

१२ जुलै

सीपरी बाजारच्या पुलाखाली ऑटो बंद पडला. ड्रायव्हर म्हणाला, "दस मिनट, दीदी." करायला काही नव्हतं, म्हणून वर पाहिलं.

झाशीत आल्यापासून अकरा वर्षं या पुलाखालून जाते आहे. वर कधी पाहिलं नव्हतं. दोन तुळयांच्या मधे आकाशाची फट. बोटाएवढी. वरून ट्रक गेला की फट थरथरते.

मोबाइल काढला. एक फोटो. मग मोजले नाहीत.

ऑटो सुरू झाला तरी मी बसले नाही. ड्रायव्हर हसला. "पुल नहीं देखा कभी?"

नाही.

भाजी आणायची राहिली.

१३ जुलै

मंदारला फोटो दाखवले. नीट पाहिले त्याने, सगळे. मग म्हणाला, "सिमेंट आहे."

म्हटलं, हो.

"वर नाही ना चढलीस?"

त्याची काळजी रास्त आहे. कागदोपत्री मला उंचीवर चक्कर येते. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात खरंच आली होती, दोनदा. डॉक्टरांनी ती फुगवून लिहून दिली आणि मंदारने बदलीच्या अर्जाला जोडली — पत्नीच्या प्रकृतीच्या कारणावरून, नागपूर. अर्जाची भाषा माझी. मराठीत एम.ए. केल्यावर इतकं मन लावून मी दुसरं काहीच लिहिलेलं नाही, आणि ते इंग्रजीत.

कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलनीतल्या बायका जिन्यावर मला हात देतात. मी घेते.

ऑर्डर कधीही येईल, असं मंदार रोज म्हणतो.

१९ जुलै

आज फक्त खांब. जवळून, गाल टेकवून. काँक्रीटवर फळ्यांच्या रेघा उमटलेल्या असतात — लाकडाच्या गाठीसुद्धा. लाकूड केव्हाच गेलं. गाठ राहिली.

आकाशपाळण्यात बसल्यासारखं होतं. पाळणा वर जाताना होतं तसं. उतरताना नव्हे.

२० जुलै

स्वरालीला पुण्याला खांब पाठवले. तिचं उत्तर: "आई, हे काय आहे? छान आहे. पण काय आहे? बाबांना माहीत आहे?"

अठरा वर्षांची मुलगी हॉस्टेलवरून माझी चौकशी करते. दिवसभर हसू येत होतं.

२६ जुलै

चिरगाँवची बस पकडली. चिरगाँवला जायचं नव्हतंच. कानपूर रस्त्यावर उड्डाणपूल दिसला आणि ओरडले, "भैया, रोक दो!" कंडक्टर म्हणाला, इथे काही नाही, मॅडम. म्हटलं, तेच पाहायचंय.

वर चढले.

कठड्याला पोट टेकवून खाली वाकले. खाली रस्त्याला रस्ता फुटलेला, त्याला आणखी एक. वळताना सगळे जरा झुकतात, सायकलवरचा माणूस झुकतो तसे. कुणीतरी बसून हे झुकणं आखलं असेल, किती झुकायचं ते. त्या माणसाला भेटून त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

वारा. ओढणी तोंडावर. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. मी हात केला. सगळ्यांना!

चक्कर आली नाही. वाट पाहिली, तरी नाही.

२७ जुलै

बैठकीच्या खोलीला पडदे घेऊ या का, म्हणून विचारलं. "नागपूरला गेल्यावर." फ्रीजचं दार बांधून ठेवलंय. नागपूरला गेल्यावर नवा. कुंड्या नकोत, नेताना फुटतात. भिंतीला खिळा नको, क्वार्टर परत करायचंय.

मंदार वाईट नाही. तो स्टेशनवर बसलेल्या माणसासारखा आहे — बॅग मांडीवर, लक्ष इंडिकेटरकडे. शेजारी मी. अकरा वर्षं मीही इंडिकेटरच पाहिला.

२ ऑगस्ट

इंदूताईंचा फोन. खंडेराव गेटमागे त्यांचं घर. सात पिढ्या झाशीत. मराठी मंडळ म्हणजे त्याच.

"रेवाजी, मानिक चौकातला साडीवाला सांगत होता, एक मराठी भाभी पुलाला लटकलेली बघितली. तुम्हीच ना?"

मी आधी दार लोटलं. "कोणाला बोललात का?"

"मी कशाला बोलू? फोटो घेऊन या. गणपतीत प्रदर्शन ठेवते आहे, आपली झाशी."

गेले. त्यांनी चष्मा चढवला, एकेक फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला. नातू मागून डोकावत होता. तो हिंदीत म्हणाला, "दादी, ये अपना वाला पुल है?" त्या मराठीत म्हणाल्या, "हो रे, गधड्या." मग माझ्याकडे वळल्या.

"बढिया आहे. पण किल्ला कुठंय?"

"किल्ला नाही काढला."

"मराठी मंडळाच्या प्रदर्शनात किल्ला नाही! लोक मला खातील." पुन्हा फोटो उचलला. "खाऊ देत. या पुलाखालून मी रोज देवळात जाते. हे असं आहे होय वर?"

घरी येईपर्यंत ऑटोत गुणगुणत होते. सूर कसला होता ते आता आठवत नाही.

१० ऑगस्ट

रविवार. मंदार दुपारी झोपला. मी स्टेशनजवळच्या पुलावर. ऊन, शेवाळ, पाण्याचे पाइप, पाइपातून उगवलेलं पिंपळाचं रोप. सगळं काढलं. मधोमध उभी राहिले, मोबाइल कठड्याबाहेर धरला, सरळ खाली. रूळ. रुळांवर पुलाची सावली. सावलीत मी — एक गाठ.

२४ ऑगस्ट

मंदारला प्रदर्शनाचं सांगावंच लागलं. रागावला नाही. हिशेबी माणूस आहे, विचार करतो.

"उद्घाटनाला कोण?"

"तुमचे पर्सोनेलचे साहेब. सपत्नीक."

तो बराच वेळ पाणी पीत राहिला. "मग नाव माझं घालू. फक्त पाटीवर. बदलीची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे, रेवा. नागपूरला गेल्यावर तुझं मोठं प्रदर्शन करू. तुझ्या नावाचं."

म्हटलं, बरं.

छायाचित्रे: मंदार केळकर. पाटी मीच लिहिली, सुवाच्य अक्षरात. लिहिताना वाईट वाटलं नाही. फोटो भिंतीवर लागणार, एवढंच डोक्यात होतं. खिळे ठोकणार — आणि भिंत इंदूताईंची!

३१ ऑगस्ट

आधी आरती, मग उद्घाटन. माणसं बरीच. किल्ला विचारणारेही बरेच. इंदूताई सगळ्यांना सांगत होत्या, "किल्ला तिथंच आहे, जाऊन बघा."

मंदार नव्या झब्ब्यात. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून. "मंदारजी, छुपे रुस्तम निकले आप." मंदार प्रकाशाबद्दल बोलत होता. सकाळी मी पाठ करून दिलं होतं. बरं बोलत होता. मी प्रसादाचं ताट धरून मागे. माझेही ओठ हलत होते — शाळेच्या नाटकात दुसऱ्याची वाक्यं आपल्याला येत असली की हलतात तसे.

स्टेशनच्या पुलाच्या फोटोपाशी साहेबांच्या बाई थांबल्या. सर्वांत मोठा फोटो तोच. सरळ खाली, रूळ, सावली. बाई वाकल्या.

"मंदारजी, ये बिछिया किसकी हैं?"

सगळे वाकले. मीही. खालच्या कडेला, कठड्याच्या जाळीतून बाहेर आलेली पायाची बोटं. चपलेत. बोटांत चांदीच्या मासोळ्या. तीन आठवडे तो फोटो पाहते आहे. जोडवी कुणी पाहतं का स्वतःची.

मंदारच्या पायांकडे सगळ्यांनी पाहिलं. त्याने बूट घातले होते.

"छपाईत आलं असेल," मंदार म्हणाला. मराठीत. साहेबांशी मराठीत.

मला हसू फुटलं. ताट हलायला लागलं, मोदक घरंगळले. थांबेना. इंदूताईंनी ताट काढून घेतलं.

"मेरी हैं," मी म्हणाले. "फोटो भी मेरे हैं. सब."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. "मॅडम, आपको तो ऊँचाई पर चक्कर आता था."

"नहीं आता, सर."

त्यांनी मान हलवली. काय समजायचं ते कळलं नाही. बाई मात्र माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "सुंदर हैं."

मंदार गणपतीकडे तोंड करून उभा होता.

१ सप्टेंबर

बोलत नाही. डबा घेऊन गेला.

२ सप्टेंबर

बोलला. जेवताना, ताटाकडे बघत. "अकरा वर्षं, रेवा."

म्हटलं, मीही तेच म्हणते आहे.

"एक आठवडा गप्प बसायचं होतं फक्त."

त्याचं खरं आहे. मी नागपुरात वाट पाहणाऱ्या त्याच्या आईची, तिथे बुक केलेल्या फ्लॅटची, त्याच्या थकल्या चेहऱ्याची माती केली आणि मला नीट झोप लागते. वाईट वाटावं म्हणून प्रयत्न केला. थोडं वाटलं. मग उद्या कुठला पूल, ते आठवत बसले.

४ सप्टेंबर

ऑर्डर आली. नागपूर. सही २५ ऑगस्टची — प्रदर्शनाच्या आधीच झालेली. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांना ते ठाऊक होतं.

मंदारने पेढे आणले. डोळ्यांत पाणी. "सुटलो," म्हणाला, आणि सुतळीचा गुंडा शोधायला लागला.

मी म्हणाले, तू जा. मी राहते.

त्याला वाटलं, आठ-दहा दिवस म्हणते आहे.