दाजींच्या बरगड्या

१२ फेब्रुवारी, सोमवार

बीम दाजींच्या छातीवर आला! चढवताना साखळी सुटली आन सुतानं भरलेला तो लोखंडी रूळ त्यांना घेऊन थेट भिंतीला. मी शेजारच्याच मशिनवर होतो. ओरडलो. पण मागांच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतं?

कारखान्याजवळच्या, उधन्यातल्या डॉक्टरनं सुई मारली, गोळ्या दिल्या. मुका मार आहे, म्हणे. एक्सरे दाजींनाच नको होता.

घरी अक्कानं आंबेहळदीचा लेप लावला. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, ती मी बांधली. दाजी म्हणाले, "आणखी आवळ. बरं वाटतंय." आवळली.

१३ फेब्रुवारी

दाजींच्या मशिनींवर मीच उभा. हे काम सोडून कडोदऱ्याला टेंपो चालवायला जायचं ठरवलं होतं. राहिलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दाजी खोकत नाहीत. खोकला आला की गिळतात. बोलताना मधेच थांबतात. "किरन्या... पाणी..." मग बराच वेळ काही नाही. "...दे." ओठ निळे पडलेत. अक्का म्हणते, पट्टी सोडू नको, हाडं हलतील.

मी रिक्षा आणली. विचारलं नाही कुणाला.

१६ फेब्रुवारी

मोठा दवाखाना. नर्सनं पट्टी कापली, तेव्हा दिसलं. श्वास घेतला की सगळी छाती वर येते, आन उजवीकडचा तळहाताएवढा तुकडा आत जातो. उलटा!

नूतन मॅडम डॉक्टर आहेत, या परमुलखातही मराठीत बोलतात. "चार बरगड्या, प्रत्येक दोन जागी तुटलीय. पट्टीनं दुखणं कमी झालं, पण श्वासही दाबला. फुप्फुसात कफ साचलाय. प्लेटा लावून बरगड्या जोडू, म्हणजे छाती एकसारखी हलेल, खोकता येईल. उशीर नको."

मॅडमनी विचारलं, कुणी बांधलं. अक्का खाली बघत राहिली. मी म्हटलं, मी.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दाजींचे चुलते आले, भोकरदनहून. काशीरामतात्या. दाजींना बाप नाही, म्हणून शेवटचा शब्द तात्यांचा. आल्या आल्या —

"गाडी करा. आपल्याकडचा हाडवैद्य बांधून देतो. अंगात लोखंड कशाला? उद्या माणूस जाळला तर राखेत काय सापडायचं, स्क्रू?"

अक्का रडते आन हो म्हणते. दाजीपण! "घरी... न्या."

मी म्हटलं, नाही न्यायचं.

"तू कोण रे? बायकोचा भाऊ! आजवर टिकलास का कुठं? उद्या तू पळशील, निस्तरायचं आम्ही."

खरंय, नाही टिकलो कुठं. बाहेर जाऊन चहा घेतला. अर्धा फेकला.

परत आत गेलो. तात्यांचा हात धरला आन दाजींच्या छातीवर ठेवला, हळूच. तुकडा आत गेला, हात त्याच्यासंगं आत गेला. वर आला. परत आत. तात्यांनी तोंड फिरवलं, पण हात तसाच. मग काढला, धोतराला पुसला.

"ती मॅडम कुठंय?" म्हणाले.

१९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ऑपरेशनला आत नेलं. दुपार झाली तरी आत. अक्का म्हणाली, "तूच बांधलंस, आन आता तूच कापायला लावलंस." दाजींना काही झालं तर हिच्यासमोर उभा कसा राहू?

संध्याकाळी बाहेर आणलं. सगळीकडं नळ्या. छाती बघायला वाकलो तर नर्स खेकसली. पण बघितलं — तुकडा आत जात नाही! मॅडम म्हणाल्या, आता खोकायला हवं. कफ बाहेर पडला तरच खरं.

२० फेब्रुवारी

खोकले नाहीत. ताप.

२१ फेब्रुवारी

ताप. पाठीवर थोपटून बसवतात, श्वासाचा व्यायाम घेणारी बाई सांगते, "काका, खोका, प्लेटा तुटत नाहीत." दाजी मान हलवतात. भितात. तात्या बाकावर बसून आहेत, माझ्याकडं पाठ करून.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दाजी खोकले! भांडं भरून कफ पडला. मग उशीला टेकून बसले, माझ्याकडं डोळे वटारले आन —

"किरन्या, हितं मढ्यासारखा काय बसलास रे, शेठ माझ्या मशिनी दुसऱ्याला देऊन मोकळा होईल, ऊठ, तोंड धू, तात्यांना काहीतरी खायला घाल आन गुमान कामाला लाग!"

एका दमात. मधे कुठंच थांबले नाहीत.

मी म्हटलं, "दाजी, परत एकदा म्हणा."