एक ‘च’

बाबा, आज सकाळच्या पेपरात आतल्या पानावर एक लहानशी बातमी होती. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या व्हिडिओ गेम कंपनीचे पैसे संपत आलेत, तिने आपले काही स्टुडिओ बंद केले आणि उरलेले विकायला काढले. तिथल्या माणसांबद्दल शेवटी एक ओळ. मी ती चहा पिता पिता वाचली, मग भांडी घासणाऱ्या बाईला दार उघडलं, मग येऊन पुन्हा वाचली. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं वाटलं, एवढंच. तुम्हाला ‘स्टुडिओ’ हा शब्द आवडत नसे. स्टुडिओ म्हणजे फोटोचा, म्हणायचात, लग्न ठरवायच्या आधी मुली पडद्यासमोर उभ्या करतात तो. आपल्याकडे ‘वरची खोली’ होती आणि ‘इंदूरची मंडळी’ होती, आणि तुम्ही प्रकाशक होतात.

फ्रीगंजात तुमचं दुकान. खाली पंचांग आणि शाळेची गाइडं, वर जिना चढून एक लांबट खोली, तिच्यात पाच कॉम्प्युटर आणि सहा माणसं. पंचांग छापणारा माणूस मुलांचे कॉम्प्युटर गेम काढतो म्हणून लोक हसायचे. ते दिवसच तसे होते, रोज काहीतरी नवीन सुटत होतं, टीव्हीवर बाहेरदेशीची चॅनेलं, दुकानात बाहेरदेशीची चॉकलेटं, आणि तुम्ही म्हणालात, आता मुलं गाइड वाचणार नाहीत, खेळणार, तर आपण खेळ छापू. तुम्ही ‘छापू’च म्हणायचात. सीडीच्या खोक्यावर ‘आवृत्ती पहिली’ असायचं. मास्टर सीडी मुहूर्त बघून निघायची. आणि प्रत्येक खोक्यात एक शुद्धिपत्र. दुनियेत दुसऱ्या कुणी गेमबरोबर शुद्धिपत्र दिलं असेल असं मला वाटत नाही. ‘तिसऱ्या घाटावर आत्या दिसूनही सापडत नाही. अशा वेळी एक पाऊल मागे यावे.’ हे वाचून मी हसले तेव्हा तुम्ही चिडला होतात. “यात हसण्यासारखं काय आहे? चूक आहे, ती सांगितली. तुमच्या कॉन्व्हेंटात नसतील करत चुका.”

तो आत्याचा गेम सगळ्यांत चांगला होता. मेळ्यात आत्या हरवते, तिला शोधायचं. जत्रा, साधू, पाण्याच्या टाक्या, हरवलेल्यांचा तंबू, आणि या सगळ्या गर्दीत हिरव्या लुगड्यातली एक आत्या. वरच्या खोलीची प्रमुख होती ती मुलगी, मुलगी काय, तिशीतली बाई, पॉलिटेक्निकमधली नोकरी सोडून आलेली, तिच्याच डोक्यातला तो खेळ. तुम्हाला बाऊजी म्हणायची, मला दीदी. मला अजून ते ऐकू येतं. तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धापा टाकत उभे आहात आणि विचारताय, “और कितना समय, बेटा?” ती स्क्रीनवरून मान न वळवता म्हणते, “बाऊजी, बुआजी को गुमाने में चार महीने लगे, ढूँढ़ने में दो तो दो।” “दो महीने बाद परीक्षा आ जाएगी। कौन-सी माँ बुआ ढूँढ़ने देगी?” “तो फिर बुआ को परीक्षा के बाद ही गुमा देते, आपने मुहूर्त क्यों निकाला?” सगळी खोली हसते. तुम्हीही. शाळा सुटल्यावर मी तिथे यायचे, नववीच्या वह्या एका कोपऱ्यात तपासायचे, आणि खोक्यांवरचं इंग्रजी लिहून द्यायचे. घरी येताना तुमच्या स्कूटरवर मागे बसून. अडतीस वर्षांची होते मी, आणि लहान मुलीसारखी मागे बसायचे.

बुडालो कसे, हे लोकांना कधी नीट कळलं नाही. ते म्हणायचे, बाहेरच्या गेमपुढे आत्या काय टिकणार. ते खरं नव्हतं. आत्या मुलांना आवडली होती. तुम्ही गाइडांचा नियम गेमना लावला, त्याने बुडालो. गाइडांच्या धंद्यात न खपलेला माल दुकानदार परत करतो आणि प्रकाशक घेतो. ही वापसी चाळीस वर्षं चालत आलेली, तुम्हाला त्यात वावगं काही दिसलं नाही. पण वाचलेलं पुस्तक परत आलं की कळतं, पानं सांगतात. सीडी जशी जाते तशीच येते. दुकानदार खोकं उघडायचे, सीडीच्या हव्या तितक्या कॉप्या काढायचे, मग खोकं पुन्हा चिकटवून आपल्याकडे पाठवायचे, शुद्धिपत्रासकट. भोपाळहून, सागरहून, खंडव्याहून पोती यायला लागली. मी एकदा म्हणाले, “बाबा, वापसी बंद करा.” तुम्ही म्हणालात, “त्या लोकांशी माझ्या वडिलांपासूनचे संबंध आहेत. ते चोरी करतील?” मग स्वतःच एक खोकं उचललंत, त्याच्या कडेला लावलेली चिकटपट्टी नखाने उचकटून पाहिलीत, आणि परत नीट दाबून बसवलीत.

आधी इंदूर गेलं. तिथली चार माणसं चित्रं काढायची, त्यांना तुम्ही स्वतः बसने जाऊन सांगितलंत आणि बरोबर तीन महिन्यांचा पगार नेलात. तो पगार कुठून आला ते मला नंतर कळलं. माधव नगरचं घर तुम्ही बँकेकडे तारण ठेवलं होतं. मला सांगितलं नव्हतं. बँकेतली एक बाई आमच्या शाळेत पालक म्हणून यायची, ती सहज बोलून गेली. मी घरी आले आणि सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली. आईची शिवणाची मशीन, मागचा पेरू, माझी पुस्तकं. मी लग्न केलं नव्हतं, दुसरं घर मला कुठून असणार होतं? तुम्हाला मी काही विचारलं नाही. आपल्याकडे विचारायची पद्धत नव्हती.

मग ते दिल्लीचे दोघं आले, पांढऱ्या गाडीतून. मोठी कंपनी होती, लहान लहान प्रकाशक विकत घेत सुटली होती. त्यांना आत्या हवी होती, आणि बाकीचे चार गेम. पैसे बँकेचं फेडून थोडे उरतील एवढे देत होते. तुम्ही एकच गोष्ट धरून बसलात, वरची सहा माणसं राहिली पाहिजेत. “बिलकुल, अंकल,” धाकटा म्हणाला, “टीम ही तो असली चीज़ है।” करार पोस्टाने आला, अकरा पानांचा, इंग्रजी. त्याच आठवड्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हिरवी पट्टी होती. मी म्हणाले, वकिलाला दाखवू. “घरात मडम असताना वकील कशाला?” तुम्ही म्हणालात. मला मडम म्हणताना तुमच्या आवाजात थोडी टिंगल असायची आणि बराचसा अभिमान.

दुपार होती. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात, भिंतीला टेकून, बशीतून चहा पिताय. मी ओट्याशी उभी आहे, कुकर लावलाय, हातात करार. एकेक कलम वाचते आणि मराठीत सांगते. तुम्ही हुं म्हणता. सातव्या पानावर आलो तेव्हा तुम्ही बशी खाली ठेवलीत. “आता माणसांचं वाच.” तिथे लिहिलं होतं की घेणारी कंपनी सध्याच्या कर्मचाऱ्यांना ठेवू शकते, तिची इच्छा असेल तर. ‘मे’ हा शब्द होता, बांधून घालणारा ‘शॅल’ नव्हता. ‘मे’ आणि ‘शॅल’ यांतला फरक मला कळत नव्हता असं म्हणायला जागा नाही, बाबा. सहावीत सिस्टरने त्याच्यासाठी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि पुढे मी तोच फरक पंधरा वर्षं मुलींना शिकवत होते. मी म्हणाले, “आहेत त्या माणसांना ते ठेवतील.” एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. आपल्या ‘ठेवतील’मध्ये दोन्ही मावतं. मामा येतील म्हणतो, म्हणजे येतीलही, नाहीही येणार. पण तुम्ही जन्मभर प्रुफं तपासलेली. पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवून तुम्ही विचारलंत, “ठेवतील, की ठेवतीलच?”

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला. आणि म्हणाले, “ठेवतीलच.”

तुम्ही सही केलीत. दुसऱ्या दिवशी पट्टीसकट जिना चढून गेलात, मीही मागे होते. “सबको रखेंगे। रखेंगे ही। मेरी बेटी ने खुद पढ़ा है,” तुम्ही म्हणालात. ‘ही’वर तुमचा जोर होता. कुणीतरी कचोऱ्या आणल्या. त्या प्रमुख मुलीला त्याच सुमारास पॉलिटेक्निकमधून परत बोलावणं आलं होतं, पक्की नोकरी. तिने माझ्यासमोर ते पत्र पर्समध्ये सरकवलं. “अब कौन जाए चॉक घिसने,” म्हणाली. मी कचोरी खात होते. तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आठ माणसं होती, मी आणि तुम्ही धरून, आणि मी चटणी मागितली.

तीन महिन्यांनी वरची खोली बंद झाली. दिल्लीहून एक माणूस आला, कॉम्प्युटर आपल्याच गाइडांच्या खोक्यांत भरून घेऊन गेला. आत्याचा गेम पुढे कधी निघालाच नाही, कंपनीने तो विकत घेऊन ठेवून दिला. तुम्ही एसटीडी बूथवरून दिल्लीला फोन लावलात. मी काचेबाहेर उभी होते. तुम्ही बोललात, मग बराच वेळ नुसतं ऐकलंत. तिकडचा माणूस बहुतेक सातवं पान वाचून दाखवत होता. बाहेर आलात, पैसे दिलेत, सुटे मोजून खिशात टाकलेत. घरी येऊन जेवलात. “भाजीत मीठ कमी आहे,” एवढं म्हणालात. मी मीठ वाढलं. मी रात्रभर, दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात वाट पाहिली की तुम्ही विचाराल. तुम्ही नाही विचारलंत. फक्त त्यानंतर एकही इंग्रजी कागद माझ्याकडे वाचायला दिला नाहीत. विजेच्या बिलावरची बारीक सूचनासुद्धा चौकातल्या वकिलाकडे घेऊन जायचात.

त्या मुलीला पॉलिटेक्निकने पुन्हा घेतलं नाही. जागा भरली होती. ती शिकवण्या घ्यायला लागली, गणिताच्या, घरोघर जाऊन. तुम्ही गेलात तेव्हा तेराव्याला आली होती. पानं उठली होती, मी ओसरीत बसले होते. ती शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “दीदी, आप मन पे मत लेना। बाऊजी आए थे हमारे घर, बहुत पहले। बोले, बेटी ने तो ठीक ही पढ़ा था, ‘ही’ मैंने अपनी तरफ़ से जोड़ दिया। बूढ़े आदमी की ग़लती है, माफ़ कर देना। मैंने कहा, बाऊजी, आप भी ना। चाय तक नहीं पी उन्होंने।” तिच्या केसांत तेव्हाच पांढरं दिसायला लागलं होतं. मला म्हणायचं होतं, नाही, त्यांनी काही जोडलं नव्हतं. मी म्हणाले, “तुम तो पियोगी ना?” आणि उठून आत गेले.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कधी कळलं ते मला माहीत नाही, त्या बूथमध्ये की आधीच, ओट्याशीच. तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत आणि मी ती तिथे राहू दिली. तिलाही एवढी वर्षं तेच खरं वाटतंय.

मघाशी लिहिता लिहिता वाटलं, हे तुम्हाला कशाला, तिलाच द्यावं. ती इथेच आहे, ऑटोने दहा मिनिटं. मग हिंदीत लिहावं लागेल. मी एक कागद घेतला आणि तिचं नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली काही लिहिलं नाही. आता तो कागद फाडलाय. हाही घडी करून ठेवणार आहे, कुठे जायचा नाही.

तुमच्यासाठी केलं, तुमचा डोळा, तुमची झोप, असं मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. मला हे घर हवं होतं, आणि मी त्यातच बसून लिहिते आहे. त्या दुपारी मनात काय होतं ते मला फारसं आठवत नाही, नंतरचं तर काहीच जाणवत नाही. एवढं मात्र स्वच्छ आठवतं की ‘ठेवतीलच’ म्हटल्यावर मी कुकर उतरवला, आणि मला बरं वाटलं होतं.